ब्रश पुसायची जागा

समिती म्हणते, एक थर निवडा.
एकच. निधी तेवढाच आहे.
मार्च संपत आला तरी द्विना नदीवर बर्फ,
आणि मी शिडीवर, बोटं सुन्न,
जुन्या बेकरीच्या भिंतीला नश्तर लावून.

सगळ्यात वर कापणीवाल्या बायका.
गाल टोमॅटोसारखे, विळे चकचकीत,
एकीच्याही कपाळावर घाम नाही.
सन पन्नासच्या सुमारास कुणीतरी हुकमाने काढल्या,
गव्हाची लोंबी न् लोंबी मोजून घ्यावी अशा.
गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ह्याच हव्यात.
"निदान कळतं तरी काय आहे ते,"
पिशवी जमिनीला टेकवत आन्फिसा पाव्लोव्हना म्हणाली,
आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवेना.

बायकांच्या पाठीमागे, चुन्याच्या पातळ पडद्याआड
चौकोन.
काळा, जरासा कलता, खाली लाल पाचर,
सन वीसचा.
तेव्हा गावात चित्रशाळा आली होती.
पोरं ट्रामवर वर्तुळं काढत, गोदामांवर त्रिकोण,
म्हणत, वस्तू संपल्या,
आता नुसता रंग, नुसता भार, नुसती दिशा.
पुस्तकांत ह्या चौकोनाची वंशावळ सरळ आहे:
आधी उजेडाने झाडाची कड विरघळवली,
मग कुणी गिटार फोडून तिच्या चकत्या मांडल्या,
मग चकत्या गिटारीला विसरून गेल्या.
परीक्षेत मी तशीच लिहिली. गुण चांगले पडले.
भिंतीवर मात्र वंशावळ उलटी वाचावी लागते,
आणि मधली पानं उंदरांनी खाल्लेली.

कारण हा चौकोन त्या पोरांच्या हातचा नाही.
शिडी होती फक्त गेट्झेलकडे.
गेट्झेल पाट्यावाला. हेरिंग, बूट, कात्री, समोवार.
अक्षर न येणाऱ्यालाही दुकान सापडावं,
एवढंच त्याचं सौंदर्यशास्त्र.
पोरांनी कागद दिला, मापं दिली,
मजुरी अर्धं पोतं ओट.
त्याची हिशेबाची वही पणतीने हैफाहून पाठवली, तीत आहे:
"एक चौकोन, काळा. विचारलं, इथे काय विकतात.
हसले."

चौकोनाखाली पाव.
त्याचाच, सन अकराचा,
राईचा काळसर पाव, वर एक चीर, चिरेतून वाफ.
चौकोन कलता का, ते मला तेव्हा कळलं:
पावाच्या कडेवरच बसवलाय त्याने तो.
कागदावर सरळ असणार.
हात जुन्या वळणाने गेला असेल,
नाहीतर मुद्दाम.
वही ह्यावर गप्प आहे.
त्या हिवाळ्यात बेकरीत पाव नव्हता,
लोक तरी काळ्या चौकोनासमोर रांगेत उभे राहत,
सवयीने.
निर्गुणाच्या पोटात सगुण, असं काहीतरी
अहवालात लिहिलं होतं. खोडलं.

मग काल, वळचणीखाली,
जिथे कापणीवाल्यांचं आभाळ पोपडे धरून लोंबतंय,
तिथे पावाच्याच वयाचे
फराटे.
पिवळा, राखी, तपकिरी, एकावर एक,
हिरव्याचा एक झटका.
ना पाव, ना पाचर.
गेट्झेल इथे ब्रश पुसायचा.

कुणाला दाखवायचं नव्हतं,
कुठल्या जाहीरनाम्याला उत्तर द्यायचं नव्हतं,
चौकोन यायला अजून नऊ वर्षं होती,
आणि तरी हिरव्याला लागून तो राखी असा बसलाय
की मी हातमोजा काढून
बोट जवळ नेलं. लावलं नाही.
त्यालाही दिसलं असावं.
एका जागी पुसता पुसता थांबलाय तो,
आणि पुढचा फराटा
जरा जागा सोडून, नीट बघून मारलाय.

उद्या समितीला कळवायचंय.
अर्जात रकाना आहे: चित्राचा विषय.

"आज काय सापडलं?" खालून आन्फिसा पाव्लोव्हना.
"रंग."
"कशाचा?"
वर या, म्हटलं, शिडी मी धरते.
गुडघे परवानगी देत नाहीत म्हणाली.
मग पिशवी ठेवली बर्फात, रुमाल सैल केला,
आणि मान जाईल तेवढी मागे टाकून
बघत राहिली.